आम्ही आणि आपण

यशवंतपूरला मी बिऱ्हाड केले ते एका वर्षाच्या बोलीने. अभ्यागत प्राध्यापकाचे घर फारसे मांडलेले नसतेच. पुस्तकांची खोकी पुरती उघडण्याच्या आत परतीचे विचार सुरू होतात. तरीही या भागात मला परकेपणा जाणवला नाही, याचे श्रेय कांद्याला द्यावे लागेल. येथील बाजाराच्या आवारात नगर-नाशिककडचा कांदा वर्षानुवर्षे उतरत आला आहे, आणि कांद्याच्या मागोमाग माणसेही आली आहेत. माझ्या खालच्या मजल्यावरचे कुटुंब असेच आलेले. गृहस्थ पारनेरकडचे, एका आडत्याकडे हिशेबनीस. घरात पत्नी आणि एकुलता मुलगा. पंधरा वर्षे येथे काढूनही बाईंची कन्नड भाजीवालीच्या टोपलीपलीकडे गेली नव्हती. गृहस्थांची कन्नड आवाराच्या फाटकाबाहेर आली की अडखळे. मुलाची कन्नड मात्र शाळेतली, खेळातली आणि भांडणातली होती. आईवडिलांशी तो मराठी बोले, पण त्या मराठीत त्याने बालपणानंतरचे काही सांगितले असेल असे मला वाटत नाही.

त्या पावसाळ्यात मुलाने कॉलेजला जाणे सोडले. पीयूसीचे दुसरे वर्ष होते. तो रात्री जागे, दिवसा भिंतीकडे तोंड करून पडून राही, ताटावर बसेना. पुढे पुढे बोलेनासाच झाला. घरच्यांनी आधी अभ्यासाचा ताण म्हटले, मग कोणाची नजर लागली म्हटले, मग गावच्या देवाला नारळ ठेवला; शेवटी ओळखीच्या डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी दिली. बाई ती चिठ्ठी घेऊन वर आल्या. म्हणाल्या, “सर, तुम्ही बरोबर चला. डॉक्टर काय म्हणतात ते आम्हाला कळायचं नाही, अन् आमचं त्यांना.”

मी लगेच हो म्हटले. भाषांतराचे शास्त्र इतकी वर्षे शिकवीत आलेल्या माणसाला याहून नेमके काम कोणते मिळणार? त्या होकारात थोडा अहंकार होता, हे आता कबूल केलेले बरे.

रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. डॉक्टर तरुण होत्या, कन्नडभाषक. माझ्याशी त्या इंग्रजीतून बोलल्या. त्यांनी तासभर दिला. आजाराला नाव आहे, त्यावर उपचार आहेत, आणि मुलगा बरा होऊ शकेल, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. औषधे आणि भेटी ठरल्या. प्रश्न उरला तो पुढच्या काही महिन्यांचा. मुलाने बेंगळुरात राहून दर आठवड्याला यायचे, की परीक्षा सोडून काही काळ गावी आजीकडे राहायचे आणि उपचार तिकडे चालवायचे? डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही आपसांत बोला, मुलालाही विचारा.” मी ते मराठीत सांगितले. वडील क्षणभर थांबले, मुलाकडे वळले आणि म्हणाले, “आम्ही ठरवलंय. तू गावाला जायचंस.” मुलगा खाली पाहत राहिला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी भाषांतर केले: “वुई हॅव डिसायडेड; ही विल गो टु द व्हिलेज.” त्यांनी मान हलवली आणि कागदावर नोंद केली. निर्णय कुटुंबाने मिळून घेतला, अशी ती नोंद होती.

चार दिवसांनी मी जिना उतरत होतो. मुलगा दाराशी उभा होता. कित्येक आठवड्यांत त्याने माझ्याशी एक शब्द उच्चारला नव्हता. तो म्हणाला, “काका, बाबा ‘आम्ही’ म्हणाले होते. तुम्ही डॉक्टरांना ‘आपण’ सांगितलंत.”

एवढे बोलून तो आत गेला. मी जिन्यातच उभा राहिलो.

वास्तविक ही गोष्ट मला वर्गात फळ्यावर लिहून सांगता आली असती. ज्याच्याशी बोलायचे त्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’ हा भेद मराठीने जपला आहे. गुजरातीत तो आहे. तमिळ आणि तेलुगू या भाषांतही आहे. मराठीत तो द्राविड भाषांच्या सहवासातून रुजला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गंमत अशी, की त्याच कुळातल्या आजच्या कन्नडात ‘नावु’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो, आणि इंग्रजीतही तसेच. वडिलांनी मुलाला उद्देशून ‘आम्ही’ म्हटले तेव्हा मुलाला निर्णयाबाहेर ठेवणारी रेघ त्या एका शब्दाने ओढली होती. ती माझ्या हातून इंग्रजीत जाताना पुसली गेली. इंग्रजीत तसे सर्वनाम नाही, ही सबब पुरेशी नाही. “आईवडिलांनी ठरवले आहे” असे मला म्हणता आले असते. तेवढे म्हटले असते तर डॉक्टरांनी मुलाकडे वळून विचारले असते. माझ्या भाषांतरात व्याकरणाची चूक नव्हती, तरी त्याने एका मुलाची संमती निर्माण केली; ती त्याने दिली नव्हती.

मनोरुग्णाच्या उपचारात कुटुंबाला स्थान असावे, हे आपल्याकडे नवे नाही. युरोप-अमेरिकेत रुग्णाला घरापासून दूर नेण्यातच बराच काळ उपचार मानले गेले. आपल्याकडे १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांबरोबर राहू दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातलगाने सोबत राहण्याची प्रथा पडली. बेंगळुरात तर १९७४मध्ये ‘निम्हान्स’ ही संस्था आकाराला आली, आणि कुटुंबाला बरोबर घेऊन करावयाच्या उपचारांना तिच्या कामात मानाचे स्थान मिळाले. या परंपरेचा अभिमान बाळगावा असाच आहे. पण जिन्यातल्या त्या वाक्यानंतर मला एक शंका छळू लागली. तंबूत राहिलेल्या आईला आपण पाहतो. तंबूतल्या मुलाला कोणी विचारले होते का? कुटुंबाला आत घेण्याने मूल आपोआप आत येत नाही. पुष्कळदा कुटुंब आत आले, की मुलाच्या वतीने बोलणारे एक तोंड आणखी वाढते.

कायद्याने हा पेच ओळखला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. अल्पवयीनाचा प्रतिनिधी मात्र त्याचा कायदेशीर पालकच असतो. अल्पवयीनाला रुग्णालयात दाखल करावयाचे तर ते अपवादात्मक परिस्थितीत, आणि पालक किंवा त्याने नेमलेले माणूस त्या काळात त्याच्याजवळ राहिले पाहिजे. दाखल करणे त्याच्या हिताचे आहे की नाही हे ठरविताना त्याची इच्छाही लक्षात घ्यावयाची. मात्र ती जाणून घेता येण्यासारखी असेल तर. ही अट मी पुन्हापुन्हा वाचली. आमच्या मुलाला दाखल करण्याचा प्रश्न नव्हता, पण त्याची इच्छा जाणून घेता येण्यासारखी होती की नव्हती? तो बोलत नव्हता हे खरे. परंतु त्याला उद्देशून कोणी प्रश्नार्थक वाक्यही उच्चारले नव्हते. बालहक्कांच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत १९९२मध्ये सामील झाला, आपल्याविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलाला आहे. मुलगा त्या दिवशी १७ वर्षे ८ महिन्यांचा होता. चार महिन्यांनी जो निर्णय त्याचा झाला असता, त्यात आज त्याचा अवाक्षरानेही भाग नव्हता.

आपल्या साहित्याकडे पाहिले तर हा दोष आणखी उघडा पडतो. १९६३च्या ‘कोसला’त नेमाड्यांनी पांडुरंग सांगवीकराला अख्खी कादंबरी स्वतःच्या तोंडाने बोलू दिली, आणि वडिलांशी असलेला त्याचा अबोला मराठी वाचकाने कान देऊन ऐकला. त्रिवेणी यांची कन्नड कादंबरी ‘शरपंजर’, जिच्यावर पुट्टण्ण कणगाल यांचा १९७१चा चित्रपट आला, ती एका बऱ्या होऊन घरी परतलेल्या स्त्रीची कथा. आजार ओसरतो, पण घरचे तिच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाहीत, आणि त्या अविश्वासानेच ती पुन्हा कोसळते. या दोन्ही कलाकृती मी तुलनेसाठी वर्गात घेत आलो. आणि तोच मी डॉक्टरांच्या खोलीत, समोर बसलेल्या पांडुरंगाला एकही वाक्य न देता, तासभर अस्खलित बोलत राहिलो.

मात्र आईवडिलांना खलपुरुष ठरविण्याचा मोह मी टाळला पाहिजे. गृहस्थांना गाव म्हणजे शिक्षा वाटत नव्हती. तिथे त्यांची आई होती, मोकळे आवार होते, आणि मुलाला कोणी ‘निकाल काय लागला’ विचारणार नव्हते. बाईंना भीती होती ती चार माणसांत बोलबाला होण्याची. ज्या भाषेत कोणाचे डोके फिरले की त्याला ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवा असे सहज थट्टेने म्हटले जाते, त्या भाषेत वाढलेल्या बाईंची ही भीती पोकळ म्हणता येईल का? त्यांनी ‘आम्ही’ म्हटले ते अधिकार गाजविण्यासाठी नव्हे. मूल आजारी आहे तर भार आम्ही उचलू, इतकाच त्याचा अर्थ त्यांच्या मनात होता. परंतु भार उचलणारा ‘आम्ही’ आणि तोंड बंद करणारा ‘आम्ही’ यांचे ध्वनी एकच आहेत. ऐकणाऱ्याला त्यांतला दुसराच ऐकू आला.

पुढच्या भेटीला मी आत जाताच डॉक्टरांना म्हटले, “मागच्या वेळी माझ्याकडून एक सर्वनाम चुकले.” त्या आधी हसल्या, मग मी दोन मराठी शब्द समजावून सांगितले तेव्हा गंभीर झाल्या. त्यांनी आम्हा तिघांना बाहेर बसवले आणि मुलाशी कन्नडात बोलल्या. पाऊण तास गेला. नंतर त्याच्या परवानगीने आम्हाला आत बोलावले. त्याचे म्हणणे थोडे होते. गावी जायचे नव्हते, कारण गावी तो ‘आजारी नातू’ झाला असता; येथे निदान त्याचा एक मित्र संध्याकाळी येई. परीक्षा आता नको, पुढच्या खेपेला बसेन. औषध घेईन, पण आईने रोज जीभ उचलायला लावून पाहू नये. आणि डॉक्टरांकडे तो स्वतः बोलेल. काकांनी फक्त आईबाबांसाठी बोलावे.

वडिलांना हे सगळे पटले नाही. “पोरगं आजारी, अन् त्यालाच विचारायचं?” असे ते मला परतताना मेट्रोत म्हणाले. मी शास्त्र सांगू लागलो नाही. मुलगाच म्हणाला, “बाबा, तुम्ही ‘आपण’ म्हणा ना.” ते चिडून म्हणाले, “बरं, आपण. तेच ते.” मुलाने खिडकीबाहेर पाहिले. तेच ते नव्हते, हे बापालाही कळले असावे; कारण पुढे यशवंतपूर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

नंतरचे महिने सरळ गेले असे नाही. औषध बदलावे लागले. दोनदा भेटी चुकल्या. एका रात्री बाईंनी घाबरून मला उठवले. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी-सेवा २०२२पासून आहे, तिचा क्रमांक मी त्यांच्या भिंतीवर लिहून ठेवला होता, त्या रात्री तो बाईंनी नव्हे, मुलाने फिरवला. जेवायला तो पुन्हा घरच्यांबरोबर बसू लागला तो दिवाळीच्या सुमारास.

त्याला अठरावे लागले त्या आठवड्यात तो वर आला आणि एक कोरा कागद मागून घेतला. प्रतिनिधी नेमण्यासाठी साधा कागद आणि सही पुरते, हे त्याला डॉक्टरांकडून कळले होते. मजकूर मी सांगू का विचारले, नको म्हणाला. मला वाटले होते तो आईचे नाव लिहील. त्याने वडिलांचे लिहिले. माझ्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून म्हणाला, “आई रडेल आणि सगळ्याला हो म्हणेल. बाबा भांडतील. पण आता आधी मला विचारतील.”

गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला. काही बोलले नाहीत. घडी घालून आडतीच्या हिशेबाच्या वहीत ठेवला, आणि थोड्या वेळाने वही पुन्हा उघडून तो जागेवर आहे ना, हे पाहिले.