‘स्टेप’ आणि ‘हाफ’

‘स्टेप’ हा इंग्रजी उपसर्ग आईच्या किंवा वडिलांच्या दुसऱ्या लग्नाने जोडल्या गेलेल्या नात्यांना लागतो: स्टेपमदर, स्टेपफादर, स्टेपसन, स्टेपसिस्टर. पायरी किंवा पाऊल या अर्थाच्या ‘स्टेप’शी त्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याच्यात पोरकेपणाचा अर्थ होता. स्टेपचाइल्ड म्हणजे मुळात अनाथ मूल. पुढे अर्थ बदलला. आज घटस्फोटानंतरच्या लग्नातही हाच शब्द चालतो, मग मुलाची जन्मदाती हयात का असेना. एकोणिसाव्या शतकापर्यंत सावत्र आईला ‘मदर-इन-लॉ’ही म्हणत. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला सॅम वेलर ज्या बाईला असे म्हणतो ती त्याची सासू नव्हे, बापाची दुसरी बायको.

खरा घोळ भावंडांत होतो. आई किंवा वडील यांपैकी एकच सामाईक असेल तर इंग्रजीत ‘हाफ’, दोघेही वेगळे असतील तर ‘स्टेप’. सोयराबाई संभाजी महाराजांच्या स्टेपमदर, पण राजाराम महाराज त्यांचे हाफ ब्रदर, कारण वडील एकच. याउलट अब्राहम लिंकनच्या वडिलांनी 1819 मध्ये सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले. तिची आधीची तीन मुले लिंकनची स्टेप भावंडे, रक्ताचे नाते काहीच नाही. मराठीत दोन्हीकडे ‘सावत्र’च.

कौटुंबिक कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करताना प्रस्तुत लेखकाला हाच शब्द वारंवार अडवतो. प्रतिज्ञापत्रात ‘सावत्र भाऊ’ एवढेच असते. घरच्यांना विचारावे, तर वडीलधारी मंडळी ‘आमच्यात सख्खंसावत्र काही नाही’ म्हणून विषय मिटवतात. भावना चांगली, पण व्हिसाच्या अर्जाला निरुपयोगी. अमेरिकी स्थलांतर कायद्यात सावत्र मूल ‘मूल’ धरले जाते, पण ज्या लग्नाने ते नाते जुळले ते मूल 18 वर्षांचे होण्याआधी झालेले असावे लागते. हाफ भावंडांना ही अट नाही. तिथे सामाईक आई किंवा बाप सिद्ध करावा लागतो. म्हणजे शब्द चुकला की पुरावेही चुकीचे जोडले जातात.

भारतीय कायदाही हा फरक पाळतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात एका बापाची पण वेगळ्या आयांची मुले आणि एका आईची पण वेगळ्या बापांची मुले यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. सावत्र आई मात्र तिथे ‘आई’ म्हणून पहिल्या वर्गाची वारस ठरत नाही. ‘वडिलांची विधवा’ म्हणून तिचे स्थान दुसऱ्या वर्गात, तेही बरेच खाली. जन्मभर वाढवलेल्या मुलाच्या बाबतीत हे कठोर वाटते, पण तरतूद तशीच आहे.

तेव्हा इंग्रजी अर्जात ‘स्टेप’ लिहिण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: आई किंवा वडील सामाईक आहेत का, आणि दुसरे लग्न कोणत्या तारखेला झाले.