चोर्ल्याच्या उतारावर निळा धूर

बेळगावहून गोव्याला जायचे बरेच रस्ते आहेत, पण आमच्या बाबांचा रस्ता एकच: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. दिवाळी झाली की कवळ्याच्या शांतादुर्गेला जायचं, आणि तेही १९९६ सालच्या मारुती ८००मधून. लहानपणी मागच्या सीटवर बसून जायचो, आता चालवायला मी असतो. एवढाच फरक.

यंदा मी बंगळुरूहून सुट्टीला आलो तेव्हा गाडी निळा धूर सोडत होती. ऑगस्टमध्ये ती तापून बंद पडली होती. हेड गॅस्केट गेलं होतं. हेड उतरवून उद्यमबागेत फेसिंग करून आणलं, नवं गॅस्केट बसवलं, तापणं थांबलं. पण धूर सुरू झाला. तीनशे किलोमीटरला पाव लिटर तेल गायब. प्लग काढून पाहिले तर एक तेलाने ओलाचिंब आणि काळा. म्हणजे तेल सिलिंडरमध्ये शिरून जळत होतं.

“रिंगा गेल्या” असं तीन जणांनी बॉनेट न उघडताच सांगितलं. बोअरिंग, पिस्टन, रिंगा धरून होणारा खर्च गाडीच्या किमतीजवळ जात होता. दादा म्हणाला, “आता भंगारात घाला.” बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आरसी बुक कपाटातून निघून टेबलावर आलेलं दिसलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. काल चालणारी गोष्ट आज बिघडली तर आधी मधे काय बदललं ते बघायचं, ही आमची सवय. त्यामुळे माझा सगळा संशय मेकॅनिकवर. आमच्या घराची गाडी वीस वर्षं तेच बघतात, आम्ही त्यांना मामा म्हणतो. थोडा तोऱ्यातच त्यांच्याकडे गेलो.

“धूर कवा येतोय?” त्यांनी विचारलं.

“निळा येतोय.”

“रंग नको, वेळ सांगा.”

मला सांगता येईना. त्यांनी डिपस्टिक बघितली, तेल जास्त भरलेलं नव्हतं. एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदर पाइप काढून बोट फिरवलं, कोरडा. मग म्हणाले, “चोर्ल्याला जाणार न्हवं? उतार संपल्यावर आरशात बघा. येताना चढाला बघा. मग या की.”

डिकीत तेलाचा एक लिटरचा डबा टाकून निघालो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबणं ठरलेलं. इथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. थोडं पुढे गेलं की पाणी उलट्या दिशेला, गोव्याकडे वाहतं. बाबा हे दर वर्षी सांगतात आणि आम्ही दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. यंदा ते सांगायचे विसरले.

घाट उतरताना दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला. खाली अंजुणे धरणाचं पाणी एका वळणावर दिसायचं, दुसऱ्यावर लपायचं. अशा उतारावर इंजिनात काय चालतं ते मी आधी वाचून ठेवलं होतं. थ्रॉटल बंद, पण पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे इनटेकमध्ये जबरदस्त ओढ तयार होते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालेलं असेल तर हेडमधलं तेल त्या फटीतून थेंबथेंब खाली ओढलं जातं. मग पाय दिला की साठलेलं सगळं एकदम जळतं.

केरीजवळ रस्ता सपाट झाला. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरसा निळा झाला. मागच्या मोटारसायकलवाल्याने नाक दाबलं.

“आता आला,” बाबा म्हणाले, आणि पेट्रोलचा हिशेब लिहायची डायरी खिशातून काढून त्यांनी वेळ टिपून ठेवली. मिनिटाभरात धूर विरला.

देवीचं दर्शन झालं, प्रसाद झाला. परतताना खरी परीक्षा. रिंगा गेलेल्या असतील तर इंजिनावर जोर पडतो तेव्हा, म्हणजे चढाला, धुराची शेपटी सुटायला हवी. पूर्ण घाटभर बाबा मान वळवून मागे बघत बसले. मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटत होतो.

“नाही रे. काही नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू केली. पहिला भपका निळा, मग स्वच्छ. रात्रभर तेल झिरपून खाली बसलेलं.

मामांनी ऐकून घेतलं आणि खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजलं. तिन्ही सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास. मग प्रत्येकात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून आकडा चांगलाच उडाला असता. तो किंचितच हलला.

“रिंगा बऱ्या हाईत. व्हॉल्व्ह सील गेलेत. गाडी तापली तवाच ते करपलेत.”

“मग हेड उतरवलं होतं तेव्हाच का नाही बदलले?” मी विचारलं.

ते हसले. “मी बदलूया म्हणालो होतो. तुमीच फोनवर म्हणालासा, बिघडलंय तेवढंच करा.”

खरं होतं. मी मीटिंगमध्ये होतो, घाईत फोन उचलला होता. सहा सीलचे चारपाचशे रुपये वाचवून मी बाबांना आरसी बुक कपाटातून काढायला लावलं होतं. बाबांना तो फोन माहीत असणार, गाडी त्यांनीच तिथे नेली होती. ते बाहेर टायरची हवा बघत होते.

हेड पुन्हा उतरवायची गरज पडली नाही. मामांनी प्लगच्या भोकातून मऊ दोरी सिलिंडरमध्ये भरली, पिस्टन वर आणला आणि त्या गठ्ठ्यावर व्हॉल्व्ह टेकवून एकेक स्प्रिंग काढत सील बदलले. जुनी सील हातात दिली. नखाने दाबली तर प्लास्टिकसारखी कडक. संध्याकाळपर्यंत गाडी तयार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्टार्टर मारला आणि मी मागे सायलेन्सरला पांढरा रुमाल धरून उभा राहिलो. थोडं पाणी उडालं, तेल नाही. बाबांनी काच खाली करून विचारलं, “जांबोटीपर्यंत जाऊन येऊ या?”