राहू दे अजून दोन दिवस

निवासी डॉक्टर होते तेव्हा एक वाक्य सतत माझ्या तोंडी असायचं: ‘राहू दे अजून दोन दिवस.’ शिरेतली लाइन चांगली चालतेय ना, राहू दे. कल्चर निगेटिव्ह आलंय, पण बाळ एवढंसं आहे, अँटिबायोटिक राहू दे. मला ते म्हणजे काळजी घेणं वाटायचं.

त्या दिवसांत २६ आठवड्यांत जन्मलेली, ८५० ग्रॅमची एक मुलगी आमच्याकडे होती. चौदाव्या दिवशी तिला दूध पचेना, मधूनमधून ती श्वास घ्यायचं विसरू लागली, रक्तातली साखर चढली. प्लेटलेट्स दोन दिवसांत २०,०००पर्यंत घसरल्या. कल्चरच्या बाटलीत यीस्ट वाढलं. कॅन्डिडा. लाइन काढली, अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू केलं, पण तोवर बुरशी मूत्रपिंडात पोचली होती. ती गेली. नंतर मी तिचा केसपेपर उघडून बसले. सिफोटॅक्झिम या अँटिबायोटिकचे अकरा दिवस, सगळे माझ्या अक्षरात. पहिल्या तीन दिवसांनंतर ते चालू ठेवायला माझ्याकडे काहीही कारण नव्हतं.

कॅन्डिडा आपल्यापैकी पुष्कळांच्या आतड्यात, तोंडात, कातडीवर असते. शेजारचे जीवाणू तिला हातपाय पसरू देत नाहीत. सिफोटॅक्झिमसारखी औषधं नेमके ते शेजारी मारतात आणि तिला मोकळं रान मिळतं. आम्लपित्ताची इंजेक्शनं पोटातलं आम्ल घालवतात, म्हणजे आणखी एक राखणदार गेला. मग उरते कातडी. २६ आठवड्यांच्या बाळाची कातडी म्हणजे कांद्याचा आतला पापुद्रा. चिकटपट्टी जरा ओढली की सोलून येते, आणि तिथून बुरशीला दार उघडं.

म्हणून नव्या सिस्टर आल्या की मी आधी पट्टी काढायला शिकवते. वर ओढायची नाही. निर्जंतुक पाण्याच्या बोळ्याने कड भिजवायची, एका बोटाने कातडी हलकेच धरायची आणि पट्टी आडवी, तिच्याच अंगावर मागे दुमडत न्यायची. एका पट्टीला चार मिनिटं लागली तरी चालतील. बाळाच्या हाताला आधार म्हणून घसा तपासायची लाकडी पट्टी बांधायची पद्धत पूर्वी होती. इंग्लंडमध्ये अशाच पट्ट्यांमधून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऱ्हायझोपस या बुरशीची लागण झाल्याचं १९९६ साली प्रसिद्ध झालं. आमच्याकडे लाकूड आत येत नाही. मनगटातला काळा दोराही नाही, तो दिवसभर ओला राहतो. पण आजी दोरा घेऊन दाराशी उभी असते तेव्हा तिला नुसतं ‘नाही’ म्हणवत नाही. दोरा पिशवीत घालून आम्ही इनक्युबेटरच्या बाहेर, बाळाच्या नावाच्या चिठ्ठीशेजारी लावतो. आजीला तिथून तो दिसतो.

सगळ्यात जास्त भीती मला लाइनची, शिरेतल्या त्या नळीची, वाटते. कॅन्डिडाची पॅराप्सिलोसिस ही जात आपल्या हातांवरून येते आणि नळीच्या आत दुधावर धरावी तशी साय धरते. त्या सायीखाली औषध नीट पोचत नाही, मग नळी काढण्यावाचून गत्यंतर नसतं. नळीचं तोंड स्पिरिटने पंधरा सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. रात्री तीनला, दोन बाळं एकदम रडत असताना, ते वाळेपर्यंत थांबणारी सिस्टर मला कुठल्याही औषधाहून मोलाची वाटते.

औषध आहेच. २००१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डॉ. कॉफमन यांनी १,००० ग्रॅमखालच्या १०० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लुकोनाझोल हे बुरशीरोधक औषध आधीपासून मिळालेल्या ५० पैकी एकाच्याही शरीरात बुरशी खोलवर शिरली नाही. न मिळालेल्या ५० पैकी दहाजणांच्या शिरली. जिथे अशी लागण वारंवार होते तिथे ते द्यावंच, असं माझं मत आहे. पण कॅन्डिडाच्या जातींपैकी क्रुसाय आणि बहुतेक ऑरिस फ्लुकोनाझोलला जुमानत नाहीत, आणि त्या दोघी आपल्या देशातल्या अतिदक्षता विभागांत आहेत.

माझा खरा भरवसा आईच्या दुधावर आहे, आणि ते कमी पडलं तर दूधपेढीतल्या दुधावर. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. पहिल्या दिवसापासून थेंब थेंब दूध गेलं की सलाइन लवकर सुटतं, आणि सलाइन सुटलं की लाइनही सुटते.

गेल्या आठवड्यात राउंडला सिस्टर म्हणाल्या, ‘‘मॅडम, याचं दूध किलोला १२० एमएलवर गेलंय. लाइन काढू?’’

बाळ ९०० ग्रॅमचं. पुन्हा गरज पडली तर शीर मिळायची मारामार. जुनं वाक्य ओठांवर आलं होतं.

‘‘काढा, सिस्टर.’’

त्यांनी हात धुतले, बोळा भिजवला आणि पट्टीची कड मागे दुमडायला सुरुवात केली. मी घड्याळ पाहिलं नाही. नळी पूर्ण निघाली, टोकासकट. पट्टीखालची कातडी अखंड होती.