‘क्वाफे’ : एका चुकीच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी एका फ्रेंच कथेचा अनुवाद करताना मी एका वाक्याशी थांबायला हवे होते, थांबलो नाही. टोप्या शिवणाऱ्या एका तरुणीविषयी निवेदक सांगतो की, यंदा तिने संत कॅथरीनला ‘क्वाफे’ केले. ‘क्वाफे’ म्हणजे केशरचना करणे, हे पहिल्या वर्षापासून पाठ. मी लिहिले : ‘यंदा तिने संत कॅथरीनची वेणीफणी केली.’ वाक्य मराठीत इतके सहज उतरले की संशयच आला नाही. अनुवाद छापून आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, ही कॅथरीन कोण? पुढे कथेत ती येतच नाही.’

ती येणार कशी? ती मूर्ती आहे. तिच्या मस्तकी शिरोवस्त्र चढवण्याचे काम कुमारिकांचे. आणि २५ नोव्हेंबरला, संतेच्या दिवशी, पंचविशी गाठूनही जिचे लग्न झालेले नाही, तिच्याविषयी हा वाक्प्रचार योजतात. एका मुलीचे एकटेपण मी वेणीफणीत गुंडाळून टाकले होते.

क्रियापदाच्या पोटात ‘क्वाफ’ म्हणजे टोपी आहे. सहाव्या शतकात फोर्तुनातुसच्या लॅटिनमध्ये ‘कोफेआ’ आढळते. तिचे मूळ बहुधा जर्मानिक. ‘रोलांच्या गीता’त हाच शब्द शिरस्त्राणाखालच्या लोखंडी कड्यांच्या टोपीला आहे. आधी डोके झाकणे, मग झाकलेले नीटनेटके करणे, अखेर नुसते केस. इटालियन ‘कुफ्फिआ’ आणि स्पॅनिश ‘कोफिया’ मात्र टोपीपाशीच राहिल्या. (मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, ती मला शब्दानेच घातली.)

व्युत्पत्ती हा अर्थाचा पुरावा नव्हे, हे झाँ पोलाँने १९५३ मध्येच बजावले होते, आणि ते मला मान्य आहे. बोलणाऱ्याच्या लेखी शब्दाचा इतिहास नसतोच, हे सोस्यूरचे १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आलेले म्हणणे मात्र इथे अपुरे वाटते. बेरे घातलेल्या माणसाला फ्रेंच भाषक आजही ‘क्वाफे’ म्हणतो; डोक्यावर गर्भावरणाचा पापुद्रा घेऊन जन्मलेले मूल, म्हणजे नशीबवान, तेही जन्मतः ‘क्वाफे’. जुना अर्थ कोशात पुरलेला नाही, तो वाक्प्रचारांत नांदतो आहे. ऐतिहासिक आणि एककालिक यांच्यामधली भिंत निदान अनुवादकाला तरी तितकी पक्की मानता येत नाही.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी दुरुस्ती केली : ‘यंदा तिला पंचविसावे सरले, आणि लग्न नाही.’ अर्थ बिनचूक आहे. पण दिवसभर दुसऱ्यांसाठी टोप्या शिवणाऱ्या त्या मुलीच्या वाट्याला आलेली शेवटची टोपी त्या वाक्यातून गेली, आणि कॅथरीनही गेली.