सुटलेले पान

आमच्या आजीची ओव्यांची वही कधीच हरवली. नशीब एवढेच की, दोघी आत्यांनी आपापल्या लग्नाआधी तिच्यावरून एकेक नक्कल करून घेतली होती. दोन्ही नकला माझ्यापाशी आहेत. थोरलीच्या नकलेत लेक सासरी निघते त्या सोळा ओव्या मध्ये, जिथल्या तिथे आहेत. धाकटीच्या नकलेत त्याच ओव्या अगदी शेवटी, कशाचा कशाला मेळ नाही अशा!

एम. ए. झाल्याच्या तोऱ्यात मी धाकट्या आत्याला म्हणालो होतो, "आत्या, नीट उतरवायचे तरी!" ती म्हणाली, "अरे, वहीत होते तसेच लिहिले." मी हसलो.

पुढे कार्ल लाखमान या जर्मन पंडिताविषयी वाचनात आले. जन्म १७९३ चा, बर्लिनला प्राध्यापक. ग्रीक, लॅटिन, जुनी जर्मन, सगळीकडे त्याचा संचार. (होमरच्या 'इलियड'चे त्याने अठरा तुकडे पाडले, ते मात्र मला पटत नाही.) लुक्रेशियस या रोमन कवीच्या काव्याच्या नवव्या शतकातल्या दोन पोथ्या हॉलंडात लायडनला आहेत. एकीत चार उतारे आपली जागा सोडून शेवटी आलेले. दुसरीत ते जागच्या जागी. लाखमानने ओळी मोजल्या. प्रत्येक उतारा सुमारे ५२ ओळींचा! म्हणजे दोहोंच्या मुळाशी एक पोथी होती, तिच्या पानाच्या एका बाजूला २६ ओळी, पाठपोट ५२. एक नक्कल झाल्यावर तिची चार पाने सुटली, कुणीतरी ती शेवटी ठेवली आणि दुसऱ्या लेखकाने इमानाने तशीच उतरवली. मूळ पोथी लाखमानने पाहिलीच नव्हती. तरी पठ्ठ्याने तिच्या पानावरच्या ओळी सांगितल्या! १८५० साली त्याची आवृत्ती निघाली. पुढच्याच वर्षी तो वारला.

मी उठून नकला काढल्या. आजीचे अक्षर टपोरे. पानाच्या एका बाजूला आठ ओव्या, पाठपोट सोळा. नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून ती शुद्ध केली, हे मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. घरातल्या दोन वह्या ताडून पाहण्याचे मात्र सुचले नव्हते. धाकट्या आत्याला हे सांगायला हवे होते. पण तिला जाऊन तेव्हा वर्ष झाले होते.

थोरलीच्या आणि धाकटीच्या लग्नात सहा वर्षांचे अंतर. त्या सहा वर्षांत आजीच्या वहीतले नेमके तेच पान सुटले होते.