आठ पाय, पण कोळी नव्हे!

कॉन्व्हेंटमधल्या मुलीने मराठी विभागाला लेख द्यायचा म्हणजे मॅडमच्या लाल पेनला मेजवानीच! तरी लिहिते, कारण विषयाची सुरुवात होस्टेलच्या बाथरूममध्येच होते.

तिथे कोपऱ्यात लांब पायांचे कोळी लटकतात. दरवर्षी कुणीतरी सीनियर ज्युनियर्सना सांगतेच, "जगातला सर्वांत विषारी कोळी हा, दात छोटे म्हणून आपण वाचतो." मग झाडू! गोंधळाचं मूळ इंग्रजी नावात आहे. 'डॅडी लाँगलेग्ज' हे एकच नाव तीन जिवांना चिकटलंय. एक म्हणजे क्रेन फ्लाय ही लांब पायांची माशी. दुसरा हा बाथरूमवाला कोळी. मेहकरला आमच्या धाब्याच्या घरात तो कोपऱ्याकोपऱ्यात असतो आणि आजी म्हणते, "मारू नोको वं पोरी, डास खाते तो." आजीचं बरोबर आहे. त्याला विष आहे, पण माणसाचं काही बिघडवण्याइतकं नाही.

तिसरा मात्र कोळीच नाही! तो ओपिलिओनीस गणातला, इंग्रजीत हार्वेस्टमन. विंचू, गोचीड, कोळी यांचा भाऊबंद, पण घर वेगळं. लॅटिनमध्ये 'ओपिलिओ' म्हणजे मेंढपाळ, म्हणून मी त्याला मेंढपाळच म्हणते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ट्रेकला ओल्या कातळावर ते घोळक्याने बसतात. लांबून वाटतं, कुणीतरी केसांचा गुंता टाकलाय. फुंकर मारा, अख्खा गुंता डुलायला लागतो!

कोळ्याला बारीक कंबर असते. याचं शरीर म्हणजे एकसंध दाणा. डोळे दोनच, तेही पाठीवरच्या उंचवट्यावर. जाळं विणत नाही, विषग्रंथी तर नाहीतच. कोळी भक्ष्याचा रस करून पितो, हा मात्र मेलेले किडे, बुरशी असं काहीही चावून खातो (आमच्या मेसमध्ये सहज टिकेल). संकट आलं की घाण वास सोडतो.

याच्या साडेसहा हजारांवर जाती माहीत आहेत. आज हयात उपगण चार: सायफोफ्थाल्मी, युप्नोई, डिस्प्नोई, लॅनिआटोरेस. यातले सायफोफ्थाल्मी आखूड पायांचे, काही मिलिमीटरचे. म्हणजे लांब पाय ही खूणही पक्की नाही! जर्मन संशोधक रोवर यांनी १९२३ मध्ये या सगळ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. पावलाचे सांधे आणि पाठीवरचे काटे मोजून त्यांनी प्रजाती पाडल्या. पुढे कळलं, एकाच जातीत हे आकडे बदलतात, आणि त्यातल्या कितीतरी प्रजाती रद्द झाल्या. मोजायला सोपं ते महत्त्वाचं, हा मोह आम्हा इंजिनियरांनाही होतोच.

आणि वय? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या दगडात सापडलेला मेंढपाळ सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आतल्या श्वासनलिकांसकट. मेहकर-लोणारचा आपला काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा!

मला सगळ्यात आवडतात ते त्याचे पाय. दुसरी जोडी सर्वांत लांब, ती चालण्यापेक्षा चाचपडण्यासाठी, आंधळ्याच्या काठीसारखी. शत्रूने पाय धरला की तो पाय सोडून पळतो. तुटलेला पाय मागे वळवळत राहतो, शत्रू त्याच्याकडेच बघत बसतो. हा पाय पुन्हा उगवत नाही. म्हणून घोळक्यात नीट पाहिलं तर सात पायांचे, सहा पायांचेही दिसतात, आणि तेही बाकीच्यांच्या बरोबरीने डुलत असतात.