कुकडीकाठचा आस

गावाच्या नावापुढे ‘बुद्रुक’ आले की त्याचे धाकटे भावंड ‘खुर्द’ जवळपास कोठेतरी असणार, असे आपल्याकडे खुशाल धरून चालावे. बोरी बुद्रुकलाही बोरी खुर्द आहे. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव गाठायचे, पूर्वेकडे वळायचे आणि कुकडी नदीची सोबत धरायची. खोडदच्या बाजूला त्या सुप्रसिद्ध रेडिओ-दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर.

बोरीची स्वतःची कीर्ती मात्र आभाळात नसून मातीत आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथल्या नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख आणि आदिमानवाची दगडी हत्यारे उजेडात आणली. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. ती ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली की त्याहून कितीतरी जुन्या, यावर विद्वानांचा वाद आहे. वाद चालू द्यावा. ओढ्याच्या दरडीला त्याची फिकीर नाही. ती भुसभुशीत आहे आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळते. माझी हकीकत या दरडीपासूनच सुरू होते.

माझी थोरली बहीण बोरीत दिलेली. दिवाळीनंतरचे चार दिवस मी तिच्याकडे काढतो. दाजींची निम्मी जमीन गावाकडे आणि निम्मी ओढ्यापलीकडे. कांदा असो की टोमॅटो, माल ओढा ओलांडूनच रस्त्याला लागायचा. पाऊस झाला की काळ्या रानाचा चिखल चाकाला असा बिलगतो की सासरी निघालेल्या लेकीनेही आईला तसे बिलगू नये.

या कामाला दाजींकडे एक जुनी जीप आहे. मागची आसने काढून हौदा बसवलेली, चारही चाकांना जोर देणारी. भाच्याने दोन वर्षांपूर्वी ती ‘उचलली’. म्हणजे कमानपाट्यांना जादा बाक दिला, मोठी चाके चढवली आणि गाडी चांगली चार-सहा बोटे उंच केली. “मामा, आता ओढा म्हणजे काहीच नाही!” असे तो मला अभिमानाने म्हणाला होता.

गेल्या आषाढात ओढ्याने त्याला उत्तर दिले. हौद्यात खुरपणीला निघालेल्या सात बायका होत्या. पुढची चाके वळवून भाचा चढ चढवीत असताना खाडकन आवाज झाला आणि गाडी मागे घसरू लागली. दरडीला टेकून थांबली म्हणून बरे. कोणाला खरचटलेही नाही. पण ताई त्या रात्री जेवली नाही.

मोडला होता तो पुढच्या आसाचा चाकाजवळचा सांधा. आळेफाट्याकडून आलेल्या मिस्त्रींनी मला त्याचे दोन तुकडे दाखवले. माणूस मितभाषी, पण समजावण्याची हातोटी अशी की आमच्या कॉलेजात चटकन रुजू व्हावा. “सर, मागच्या आसाला फक्त ढकलायचं असतं. पुढच्याला इंजिनाचा भार घ्यायचा, गाडी वळवायची आणि वर ओढायचंही. चाक मोठं केलं की तेवढ्याच ओढीला जास्त पीळ लागतो. चाक वळलेलं असेल तेव्हा सांधा वाकडा होऊन तोच पीळ सोसतो. पाय जाड केले, घोटा तसाच ठेवला.”

तेव्हा आता दोनच वाटा होत्या. मोठी चाके उतरवून गाडी पूर्ववत करायची, नाहीतर पुढे जाड आस घालायचा. ताईचा कौल पहिल्या वाटेला होता. भाच्याने आधीच पुण्याच्या भंगारवाल्याकडून दुसऱ्या गाडीचा दणकट आस आणून अंगणात टाकला होता. दाजी दोघांच्या मध्ये बसून तंबाखू मळत होते.

आस बदलणे म्हणजे जुना काढून नवा लावणे, अशी माझी भाबडी समजूत होती. मिस्त्रींनी प्रथम खडू मागितला. मागची दोन्ही चाके जमिनीवरून उचलून त्यांनी ती बरोबरीने एक फेरा फिरवली आणि मधल्या दांड्यावरची खडूची खूण किती वेळा फिरते ते मोजले. पाच पूर्ण फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडे अधिक. जुन्या विलीस घराण्याच्या जीपमध्ये हे प्रमाण नेहमी आढळते. मोठ्या चक्राला ४३ दात आणि छोट्याला ८, म्हणजे ५.३८. मग अंगणातल्या आसावर तोच प्रयोग केला. तिथे पाच फेरेही पुरे होईनात. ३९ आणि ८, म्हणजे ४.८८.

“हा असा बसवला तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जोरात पळणार. चिखलात घसरून निभावतील. कडक रस्त्यावर चारही चाकांना जोर दिला की एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी मोडेल.”

दाजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “म्हंजे एका जुवाला एक खोंड अन् एक म्हातारा बैल!”

सारी यंत्रविद्या त्यांनी एका वाक्यात सांगितली. मिस्त्री हसले आणि योग्य दातांची जोडी मिळेपर्यंत काम चार दिवस थांबले.

पुढचे दोन दिवस मी ओट्यावर पुस्तक उघडे ठेवून गाडीच पाहत होतो. आसाच्या मधला फुगीर भाग, ज्यात हे दात बसतात, तो गाडीच्या ज्या बाजूने जोर येतो त्याच बाजूला हवा. सुदैवाने तो तसा होता. कमानपाट्यांच्या बैठका मात्र जुळेनात. त्या कापून नव्याने जोडाव्या लागल्या, आणि त्यांचा कोन साधताना मिस्त्रींनी तीनदा माप घेतले. चाक ज्या खुंटीभोवती वळते ती वरच्या टोकाशी किंचित मागे कललेली असावी लागते. तो कल गेला की वळणानंतर सुकाणू आपणहून सरळ होत नाही आणि गाडी रस्ताभर भटकते. ब्रेकच्या नळ्या लांब घ्याव्या लागल्या, त्यांतली हवा काढावी लागली. शिवाय जड आसाचा भार कमानींच्या खाली असतो. खड्ड्यात चाक तितक्या चपळाईने वरखाली होत नाही, धक्के वाढतात. बळकटीचीही किंमत असतेच.

दाजींच्या वडिलांनी बैलगाडीचा बाभळीचा आस काढून लोखंडी घातला होता, ती गोष्ट मला तेव्हा ऐकायला मिळाली. आस बदलला म्हणून चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळी बसवावी लागली. गाडी जास्त भार घेऊ लागली म्हणून पुढे बैलजोडीही बदलावी लागली. चाक आणि आस यांचा हा संसार आपल्याकडे फार जुना. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली काशाची सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीची बैलगाडी सापडली. तिच्याबरोबरचे हत्ती, गेंडा आणि रेडा हेही चाकांवर चढवण्यासाठी घडवलेले. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही हत्तीसाठी आस किती जाड घ्यावा हा प्रश्न पडलाच असेल.

मराठी शिकवणाऱ्याला शब्दाचा मोह आवरत नाही. गाडीचा तो ‘आस’ पुल्लिंगी, मनाची ती ‘आस’ स्त्रीलिंगी. व्युत्पत्ती निराळ्या, पण बोरीच्या त्या अंगणात दोन्ही एकमेकांसमोर उभ्या होत्या. भाच्याला उंचीची आस होती आणि ताईला त्या सात बायकांची काळजी.

अखेर निवाडा ताईने दिला. “आस घाला. पण या गाडीत माणूस बसवायचा नाही. कॅरेट वाहा, खत वाहा. बायका चालत येतील, नाहीतर पूल गाठून रस्त्याने येतील. आणि ही रस्त्यावर न्यायची नाही.” तिला ठाऊक नव्हते, पण कायदा बराचसा तिच्याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचे, १९८८च्या, ५२वे कलम गाडीत मूळ बनावटीशी न जुळणारे बदल करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितले. भाच्याने मान खाली घालून होकार दिला.

मी निघायच्या सकाळी गाडी ओढ्यात उतरली. हौद्यात खताची पोती, चाकाशी भाचा एकटाच. काठावर दाजी, मिस्त्री आणि पदर खोचून उभी असलेली ताई. गाडी तळाशी क्षणभर थबकली, पुढची चाके वळली आणि ती सावकाश, न कुरकुरता दरड चढून पलीकडे गेली. भाच्याने हात हलवला. ताईने हात हलवला नाही. ती पोती उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मग चहा टाकायला घराकडे वळली.